‘द विकर मॅन’ची कापलेली बारा मिनिटं

काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका घरगुती चित्रपट मंडळात मी ‘द विकर मॅन’ या १९७३ सालच्या ब्रिटिश भयपटावर तासभर बोललो होतो. हा चित्रपट म्हणजे अंधश्रद्धाळू गावाची टर उडवणारी गोष्ट आहे, असं मी ठासून सांगितलं. टाळ्याही मिळाल्या. पुढे त्याच चित्रपटाची लांब आवृत्ती हाती आली, आणि आपण चुकीचं बोललो हे लक्षात आलं. हा लेख त्या चुकीची दुरुस्ती आहे.

आधी कथा. सार्जंट नील हॉवी हा श्रद्धाळू ख्रिस्ती पोलीस अधिकारी. रोवन मॉरिसन नावाची मुलगी बेपत्ता असल्याचं निनावी पत्र आल्यावर तो स्कॉटलंडजवळच्या समरआइल या काल्पनिक बेटावर जातो. तिथले लोक ख्रिस्तपूर्व काळातल्या देवांची पूजा करतात. गेल्या वर्षी सफरचंदाचं पीक बुडालं आहे, म्हणून एक मे रोजी मुलीचा बळी देणार, असा हॉवीला संशय येतो. प्रत्यक्षात मुलगी सुखरूप असते. बळीसाठी बोलावलेला असतो तो हॉवीच. वेताच्या प्रचंड पुतळ्यात त्याला जिवंत जाळतात आणि सगळं गाव भोवती उभं राहून आनंदाने गातं.

दिग्दर्शक रॉबिन हार्डी, पटकथा अँथनी शॅफर यांची. बेटाच्या लॉर्डच्या भूमिकेत ख्रिस्तोफर ली. त्यांनी या कामाचं मानधन घेतलं नव्हतं. चित्रपट पुरा होईतो ‘ब्रिटिश लायन’ या निर्मितीसंस्थेचे मालक बदलले. नव्या व्यवस्थापनाला चित्रपट आवडला नाही. तो सुमारे ८७ मिनिटांवर आणून दुसऱ्या एका चित्रपटाच्या जोडीला लावण्यात आला. आधीची सुमारे ९९ मिनिटांची एक प्रत अमेरिकेत निर्माते रॉजर कॉर्मन यांच्याकडे गेली होती, म्हणून ती वाचली. मूळ निगेटिव्ह हरवलं. ते एका महामार्गाच्या भरावात गाडलं गेलं, अशी दंतकथा अजून सांगतात. कॉर्मन यांच्या प्रतीवरून पुढे लांब आवृत्ती उभी राहिली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड फिल्म अर्काइव्हमध्ये सापडलेल्या प्रतीच्या आधारे हार्डींनी सुमारे ९४ मिनिटांची ‘फायनल कट’ मान्य केली.

मी चित्रपटाचं शिक्षण घेतलेलं नाही. माझी नोकरी हिशेबतपासणीची. त्यामुळे या आवृत्त्या मी दोन खतावण्या ताडून पाहाव्यात तशा ताडल्या. वहीत दोन रकाने, प्रत्येक दृश्याची सुरुवात आणि शेवट. पहिल्याच दिवशी हिशेब चुकला. पाल पद्धतीच्या डिस्कवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींच्या वेगाने चालतो. म्हणजे ९९ मिनिटांचा चित्रपट ९५ मिनिटांत संपतो, एकही दृश्य न कापता. म्हणून आवृत्त्यांची तुलना डिस्कच्या वेष्टनावरच्या मिनिटांवरून करू नये, दृश्यांवरून करावी. दुसरी खूण डोळ्यांना दिसते. लांब आवृत्तीत परत जोडलेले तुकडे व्हिडिओ प्रतीवरून घेतलेले आहेत. तिथे चित्र पुसट होतं.

आता फरक. छोट्या आवृत्तीत हॉवी थेट विमानाने बेटावर येतो. लांब आवृत्ती त्याआधी मुख्य भूमीवर सुरू होते. पोलीस ठाण्यात सहकारी त्याच्या सोवळेपणाची चेष्टा करतात. चर्चमध्ये हॉवी शास्त्रपाठ वाचतो आणि प्रभुभोजनाच्या विधीत भाग घेतो.

दुसरा फरक रात्रींचा. लांब आवृत्तीत हॉवी बेटावर दोन रात्री राहतो. पहिल्या रात्री लॉर्ड एका कोवळ्या पोराला खानावळवाल्याच्या मुलीकडे, विलोकडे, घेऊन येतो. खिडकीतून हॉवी ते पाहतो. दुसऱ्या रात्री ती भिंतीपलीकडून हॉवीला मोहात पाडू पाहते. छोट्या आवृत्तीत पहिल्या रात्रीचा प्रसंग गाळून मोहाचा प्रसंग त्या जागी आणला आहे. त्यामुळे लॉर्ड आपल्याला जवळजवळ अर्ध्या चित्रपटानंतर भेटतो, आणि बेटावरचे लोक तोवर नुसते चमत्कारिक वाटत राहतात. लांब आवृत्तीत त्यांच्या वागण्याला एक रीत आहे, एक पुरोहित आहे, हे आधीच कळतं.

पण सगळ्यात महत्त्वाचा फरक चर्चचा. प्रभुभोजनात भाकरी आणि द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त. एका बळीची आठवण, प्रतीकाच्या रूपात. आपल्याकडे याला समजायला फार लांब जावं लागत नाही. देवीपुढे आपण कोहळा कापतो, नारळ फोडतो. कोहळा कशाच्या जागी आला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना माहीत असतं. कधीतरी कुणीतरी खऱ्या जिवाच्या जागी कोहळा ठेवला, आणि देव रागावला नाही.

लांब आवृत्तीची सुरुवात प्रतीकाच्या बळीने होते आणि शेवट खऱ्या बळीने. दोन्हीकडे श्रद्धा आहे, सामुदायिक गाणं आहे, विधी आहे. फरक एवढाच की एका ठिकाणी भाकरी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी माणूस. सुरुवातीचा तो प्रसंग काढून टाकला की उरतो एक शहाणा पोलीस आणि एक वेडं गाव. मी माझ्या भाषणात नेमकं हेच सांगितलं होतं. चूक माझी होती, पण तिची बीजं कात्रीत होती.

लांब ते सगळं चांगलं, असं मात्र नाही. हार्डींनी मान्य केलेल्या ९४ मिनिटांच्या आवृत्तीत पोलीस ठाण्याचा भाग नाही. चर्चचा आहे. काय गेलं तरी चालेल आणि काय जाता कामा नये, याचा यापेक्षा स्पष्ट निवाडा मला माहीत नाही.

ही आवृत्ती सप्टेंबर २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाली. त्याच्या महिनाभर आधी, २० ऑगस्टला सकाळी, आमच्या पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्रात नरबळी आणि अघोरी प्रथांविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. तो कायदा उघडून वाचला तर दिसतं की पूजा, वारी, कीर्तन, भजन यांना त्याने हात लावलेला नाही. अनुसूचीत यादी आहे ती कृत्यांची. श्रद्धा आणि कृत्य यांच्यामधली हीच रेघ चित्रपटाच्या लांब आवृत्तीत दिसते. छोट्या आवृत्तीत ती पुसली गेली आहे. माणसाच्या मनात काय आहे यापेक्षा त्याच्या हातात काय आहे, कोहळा की काडेपेटी, हे पाहावं लागतं.

शेवटी हॉवी लॉर्डला बजावतो, की पीक पुढच्या वर्षीही बुडेल, आणि तेव्हा गाव तुझाच बळी मागेल. क्षणभर लॉर्डचा चेहरा बदलतो. हा क्षण दोन्ही आवृत्त्यांत आहे. पण आधी चर्चमध्ये गुडघे टेकलेला हॉवी पाहिला असेल, तर हे बोलणारा माणूस नुसता भेदरलेला पोलीस वाटत नाही.

आमच्या गावात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्याच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेली आगही आम्हाला आठवते. एखादी प्रत जळते किंवा भरावात जाते, तेव्हा फक्त मिनिटं जात नाहीत, अर्थही जातो. त्या मंडळात पुन्हा बोलवलं, तर मी तोच चित्रपट लावीन. मात्र सुरुवात चर्चपासून करीन.