फी पाहून मागे फिरू नका!

दोस्तांनो, गाणाऱ्या पक्ष्यांच्या जिवावर कॉलेज उभं राहील का? न्यूयॉर्कमध्ये राहिलं, बरं का! मॅक्स स्टर्न १९२६ साली जर्मनीहून कॅनरी पक्षी घेऊन अमेरिकेत आले. त्यातूनच पाळीव प्राण्यांच्या वस्तूंचा मोठा उद्योग उभा राहिला. त्यांच्या देणगीतून १९५४ मध्ये येशिवा विद्यापीठाचं ‘स्टर्न कॉलेज फॉर विमेन’ सुरू झालं. तिथे ज्यू मुली हिब्रू, धर्मग्रंथ शिकतात आणि जोडीला जीवशास्त्र, गणितही!

पण मॅनहॅटनमधलं खासगी कॉलेज म्हणजे फी भरमसाट. मग साध्या नोकरदाराच्या मुलीनं काय करायचं? अर्ज करायचा! शिष्यवृत्त्या दोन प्रकारच्या असतात. एक गुणांवर, दुसरी घरच्या परिस्थितीवर. दुसरीसाठी अमेरिकेतले विद्यार्थी ‘फाफ्सा’ हा सरकारी फॉर्म भरतात. त्याला एक पैसाही लागत नाही. मात्र त्यात घरचं उत्पन्न खरंखरं सांगावं लागतं आणि तो दरवर्षी नव्यानं भरावा लागतो.

मग मदतीचं पत्र येतं. त्यातला आकडा पाहून हुरळून जायचं नाही! ‘ग्रँट’ म्हणजे परत न करायचे पैसे, ‘लोन’ म्हणजे व्याजासह फेडायचे. दोन्ही वेगळे मांडायचे, फीमधून फक्त ग्रँट वजा करायची. उरेल तो खरा खर्च.

आईबाबांनो, उत्पन्न सांगायला संकोच वाटतो आणि फॉर्म कोराच राहतो, असं होऊ देऊ नका. शिष्यवृत्ती म्हणजे भीक नव्हे. ती शिकणाऱ्यासाठीच ठेवलेली असते. पण मागितल्याशिवाय मिळत नाही!