राजा पार्कात गाणं का तुटतं?
जयपूरच्या राजा पार्क बाजारात संध्याकाळी चालताना खिशातल्या म्युझिक प्लेअरवरचं गाणं मधेच तुटू लागलं, की आपण आधी ब्लूटूथ इअरफोनच्या नावाने बोटं मोडतो. खरं कारण बहुतेक वेळा गर्दी असतं, आणि तीही दोन प्रकारची. पहिली गर्दी लहरींची. ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये चालतं. दुकानादुकानांतले अनेक वायफाय राउटरही याच पट्ट्यात असतात. ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारत मोकळी जागा शोधतं. जागाच उरली नाही, तर आवाजाचे तुकडे वाटेत गळतात.

दुसरी गर्दी शरीरांची. शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं, त्यात आपलं स्वतःचं शरीरही आलं. म्हणून प्लेअर पँटच्या मागच्या खिशातून काढून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा. बरेचदा एवढ्यानेच काम भागतं. नाहीच भागलं, तर सेटिंगमध्ये एलडॅक (ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची एक पद्धत) सेकंदाला ९९० किलोबिटवरून ३३० वर आणा. बाजाराच्या कोलाहलात तो फरक कानाला जाणवणंही कठीण. घरीही तुटत असेल, तर जुनी जोडणी काढून नव्याने पेअर करा, आणि इअरफोन त्याच वेळी फोनलाही जोडलेला नाही ना, ते बघा.