तोंडावरचं ‘छान’

मी दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. शहापुरातल्या दुकानदारांना पूर्वी विचारायचो, “कसं वाटलं?” कुणी म्हणे “छान”, कुणी “चलो ऐती”. तरी महिन्याभरात वह्या पुन्हा बाहेर आल्या. एका काकांच्या गल्ल्याशेजारी तासभर गप्प बसलो, तेव्हा कळलं. उधारी लिहायला चार वेळा स्क्रीन बदलावी लागत होती.

“काका, आधी का नाही सांगितलंत?”

“अरे, घरच्या पोराला नावं कशी ठेवायची?”

पाच जणांना वापरताना पाहिलं, तरी बहुतेक अडचणी सापडतात, असं याकोब निल्सन या अभ्यासकांनी २००० साली लिहिलंय. आता मी मत विचारत नाही. “कालची उधारी कशी लिहिली, दाखवा,” म्हणतो. उधारी पहिल्याच स्क्रीनवर आलीय, आणि काकांची वही माळ्यावर गेलीय.