पानिपतला जाताना तोंड कुठे करावं?

दिल्लीत नोकरीला होतो तेव्हा घरी पाहुण्यांचा राबता असे. कुतुबमिनार, लाल किल्ला, मग आग्रा हा क्रम ठरलेला. सांगलीचे मामा मात्र आल्या आल्या म्हणाले, "ताजमहाल राहू दे. मला पानिपत दाखव."

दिल्लीपासून पानिपत उत्तरेला साधारण ९० किलोमीटर. अंबाल्याच्या गाडीने किंवा महामार्गाने सकाळी निघालं की संध्याकाळी परत येता येतं. गावात इब्राहिम लोदीची कबर आहे, बाबराची काबुली बाग मशीद आहे. दोन्ही १५२६च्या लढाईच्या खुणा. मराठी माणूस मात्र गावाबाहेरच्या काला आंबकडे वळतो.

तिथे पाहायला फारसं काही नाही, हे आधीच सांगतो. बाग, विटांचा एक स्तंभ आणि भोवती सपाट रान. मामा जरा हिरमुसले. मग म्हणाले, "अब्दालीची छावणी कुठल्या अंगाला?" मी दक्षिणेकडे, म्हणजे दिल्लीच्या दिशेला हात केला. "अरे, तो अफगाणिस्तानातून आलेला! उत्तरेला नको का?"

सगळी मेख इथेच आहे. ऑगस्ट १७६० मध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली. ऑक्टोबरात ते उत्तरेला गेले आणि १७ तारखेला कुंजपुरा जिंकला. अब्दाली तेव्हा यमुनेपलीकडे, दोआबात होता. नदीला अजून पाणी होतं. तरी तो महिनाअखेरीस बागपतजवळ उतरला. काही माणसं वाहून गेली, पण फौज अलीकडे आली आणि मराठ्यांच्या व दिल्लीच्या मधोमध बसली. दक्षिणेतून आलेल्यांना आता घराकडे तोंड करून लढायचं होतं.

पुढचे अडीच महिने उपासमारीचे. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा खाणारी तोंडं जास्त. यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे. दोआबातून शत्रूची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. दिल्लीत नारो शंकर होते, पण तिथून पैसे घेऊन निघालेली एक तुकडी जानेवारीत रात्री वाट चुकून अब्दालीच्याच छावणीत शिरली. १४ जानेवारी १७६१ला फौज बाहेर पडली ती दिल्लीची वाट मोकळी करायला. आम्ही सकाळी ज्या वाटेने आलो, तीच ही वाट.

हे ऐकल्यावर मामांना बागपत पाहायचंच होतं. परतताना सोनीपतवरून वाट वाकडी केली की यमुनेचा पूल लागतो. जानेवारी होता. पात्रात वाळू आणि कडेने एक बारीकशी धार. मामा कठड्याला टेकून म्हणाले, "यात माणसं वाहून गेली?" वर हथनीकुंडला बरंच पाणी कालव्यांत वळवतात, ते मी सांगितलं, त्यांना काही ते पटलं नाही.

तेव्हा तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबरात, पावसाळा सरता सरता जा. धुकंही नसतं आणि नदीला थोडं पाणी असतं. शिवाय बागपत आधी पाहा, काला आंब नंतर. आमचा क्रम उलटा झाला.