प्लेटची पकड

दिव्याचं बटण दाबताना आपलं बोट आणि २३० व्होल्टचा फेज यांच्यामध्ये काही मिलिमीटर प्लास्टिक असतं. एवढंच. अंधारात चाचपडत, अर्धवट झोपेत आपण त्या जागेवर हात ठेवतो आणि निर्धास्त असतो. त्या निर्धास्तपणाचा मोठा भार बटणाभोवतीच्या प्लेटवर असतो. ती हलली, तडकली किंवा निघून आली की आतल्या पितळी टर्मिनलपर्यंत लहान मुलाचं बोटसुद्धा पोचू शकतं. मग ही प्लेट भिंतीला धरून राहते तरी कशी? हा प्रश्न एकदा मनात शिरला की घरातल्या प्रत्येक बोर्डाकडे नव्याने बघावंसं वाटतं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाने या एवढ्याशा जोडावर थक्क करणारी बुद्धी खर्च केली आहे.

असे बोर्ड बघायला एक गाव घेऊ. जुन्नर तालुक्यातलं आळे हे गाव वारकऱ्यांना ठाऊक आहे ते ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले असं मानतात त्या रेड्याच्या समाधीमुळे. बाकीच्यांना ते ठाऊक असतं पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते एकमेकांना छेदतात त्या आळेफाट्यामुळे. जुन्नर-आंबेगावच्या अशा गावांत दोन काळ शेजारी नांदतात. एकीकडे गावठाणातल्या दगड-मातीच्या जाडजूड भिंती, दुसरीकडे फाट्याच्या बाजूला सिमेंटच्या नव्या इमारती. भिंत बदलली की तिच्यावर वीज बसवण्याची रीत बदलते, आणि म्हणून या भागातल्या घरांतून हिंडताना प्लेटच्या तीन पिढ्या भेटू शकतात.

पहिली पिढी गोल खटक्याची. भिंतीवर लाकडी पट्टी, पट्टीवर वायर, वायरीच्या शेवटी गोल लाकडी ब्लॉक आणि त्यावर काळा किंवा तपकिरी खटका. त्याचं घुमटासारखं झाकण आट्यांवर फिरवून बसवायचं. दुसरी पिढी पियानो बटणांची. एक लाकडी पेटी, तिच्यावर सनमायका किंवा हायलमची शीट, शीटला चौकोनी भोकं पाडून त्यांत बसवलेली बटणं, आणि चार कोपऱ्यांत चार स्क्रू. तिसरी पिढी मॉड्युलर. भिंतीत गाडलेली पेटी, तिला स्क्रूने घट्ट केलेली चौकट, चौकटीत अडकवलेली बटणं आणि सगळ्यांवर दाबून बसवलेली गुळगुळीत प्लेट. तिच्यावर एकही स्क्रू दिसत नाही.

मुळात झाकण लागलं कशाला, हे आधी बघू. चालू प्रवाह तोडताना बटणातले दोन धातूचे तुकडे एकमेकांपासून दूर जातात. त्या क्षणी वीज हवेतून उडी मारून वाट चालू ठेवायला बघते, आणि ठिणगी पडते. ती रेंगाळली की धातू जळतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ साली यावर तोड काढली. त्यांच्या खटक्यातली स्प्रिंग संपर्क इतक्या झपाट्याने तोडते की ठिणगीला टिकायला वेळच मिळत नाही. माणसाने खटका हळू ओढला तरी आतली उडी जलदच होते. आजही बटण दाबताना येणारा ‘खट्’ हा आवाज त्याच कल्पनेचा.

ठिणगी लहान झाली, पण पुरती गेली नाही. जुन्या रेडिओजवळ बटण बंद केलं की ‘टक्’ असं ऐकू येतं, कारण प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी सोडते. आळ्यापासून जवळच, नारायणगावशेजारच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत, आणि दूरच्या आकाशगंगांकडून येणारे अतिक्षीण संदेश टिपतात. विजेच्या तारांवर कुठे सैल जोडातून ठिणग्या उडू लागल्या, तर तो गोंगाट या दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतो. प्लेट या लहरी अडवू शकत नाही, ते तिचं कामही नाही. तिचं काम आहे ठिणगीची, तापलेल्या जोडाची आणि उघड्या धातूची जागा माणसापासून तोडून ठेवणं.

आता दुसऱ्या पिढीकडे, म्हणजे स्क्रूच्या शीटकडे नीट बघा. ती एकाच वेळी दोन कामं करते. ती बटणं धरून ठेवते आणि आतलं झाकतेही. म्हणून एखादी वायर सैल झाली की वायरमनला चारही स्क्रू काढावे लागतात, आणि सगळी बटणं वायरींसकट शीटबरोबर लोंबकळत हातात येतात. एक जोड दुरुस्त करताना दुसरा सुटायची शक्यता असते. स्क्रू जास्त आवळला तर शीट कोपऱ्यात तडकते. मातीच्या भिंतीत ठोकलेली लाकडी गुट्टी ओल-उन्हाने सैल होत जाते आणि अख्खा बोर्ड डुगडुगू लागतो. सगळ्यांत वाईट म्हणजे, आतली एखादी निसटलेली वायर स्क्रूला टेकली तर बाहेर दिसणारं स्क्रूचं डोकं स्वतःच जिवंत होतं. जी वस्तू बोटाला वाचवायला बसवली, तिच्याच चार कोपऱ्यांवर बोटाच्या वाटेत चार धातूचे ठिपके राहतात.

मॉड्युलर प्लेटची खरी सुधारणा इथे आहे. तिने ही दोन कामं वेगळी केली. ओझं पेलणारी चौकट आतल्या पेटीला स्क्रूने आवळलेली असते आणि ती स्क्रूंसकट झाकली जाते. प्लेट ओझं पेलत नाही, ती फक्त झाकते. रंगकाम करताना प्लेट काढली तरी बटण जागचं हलत नाही, आणि बाहेर धातूचा ठिपकाही उरत नाही.

पण स्क्रू नाही, तर प्लेट धरली कशाने? तिच्या मागच्या बाजूला बघा. कडांना प्लास्टिकचे छोटे आकडे असतात, टोकाला नाकासारखा उंचवटा असलेले. प्लेट दाबली की आकड्याचं नाक चौकटीच्या कडेवर घसरतं, आकडा वाकतो, कड ओलांडली की झटक्यात सरळ होतो आणि नाक कडेमागे अडकतं. ‘टक्’ आवाज येतो तो याच सरळ होण्याचा. जाणता वायरमन प्लेट बसवताना डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवतो. सगळे आकडे वाजले की प्लेट बसली.

या नाकाच्या दोन उतारांत सगळी करामत आहे. पुढचा उतार सौम्य असतो, त्यामुळे अंगठ्याच्या दाबाने प्लेट आत जाते. मागचा उतार उभा असतो, त्यामुळे तीच प्लेट बाहेर ओढायला कितीतरी जास्त जोर लागतो. मागचा उतार पूर्ण काटकोनात केला, तर आकडा मोडेल पण सुटणार नाही. जाताना सोपं आणि येताना अवघड, हे कुठल्याही स्प्रिंगशिवाय केवळ दोन कोनांनी साधतं.

मात्र आकडा न मोडता वाकला पाहिजे. पट्टी किती वाकवल्यावर तिच्या पृष्ठभागावर किती ताण पडतो, याचं गणित ठरलेलं आहे. हा ताण पट्टीच्या जाडीच्या आणि वाकण्याच्या प्रमाणात वाढतो, पण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. समजा, आकडा १ मिलिमीटर जाड आहे आणि कड ओलांडताना तो अर्धा मिलिमीटर वाकतो. त्याची लांबी ४ मिलिमीटर असेल तर मुळाशी पृष्ठभाग जवळपास ४.७ टक्के ताणला जातो. लांबी दुप्पट, म्हणजे ८ मिलिमीटर केली की ताण चौथाईवर, १.२ टक्क्यांच्या आसपास येतो. शाळेतली प्लास्टिकची फुटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर जास्त काढली की सहज वाकते आणि थोडीच बाहेर ठेवली की तडकायला येते, तसंच हे. तेवढ्या चार मिलिमीटरच्या फरकावर प्लेट दहा वेळा काढता-घालता येईल की पहिल्याच वेळी आकडा तुटेल, हे ठरतं.

मग हे आकडे शंभर वर्षांपूर्वीच का नाही आले? कारण त्यांना लागणारा पदार्थ नव्हता. बेल्जियममध्ये जन्मलेले लिओ बेकलँड यांनी १९०७ साली अमेरिकेत बेकेलाइट तयार केलं. विजेच्या सामानासाठी ते वरदान ठरलं. ते वीज वाहू देत नाही, उष्णतेने वितळत नाही, साच्यात हवा तो आकार घेतं. पण ते ठिसूळ. एक टक्क्याच्या आतच ताणलं तरी ते तुटतं. त्याचा आकडा केला असता तर पहिल्याच दाबाला मोडला असता. म्हणून बेकेलाइटच्या झाकणाला आटे हवेत किंवा स्क्रू. पुढे १९५३ साली जर्मनीत बायरमध्ये हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पॉलिकार्बोनेट तयार केलं. आज अनेक चांगल्या प्लेटी त्याच्या असतात. एकदाच वाकवायचं असेल तर ते सुमारे ४ टक्के ताण सोसतं, वारंवार वाकवायचं असेल तर त्याहून कमी. भिंतीवरचा स्क्रू अदृश्य झाला तो वाकणाऱ्या प्लास्टिकमुळे.

या पदार्थाचीही एक खोड आहे. प्लास्टिक सतत ताणात ठेवलं तर हळूहळू सैलावतं. वर्षभर वाकून राहिलेला आकडा आपला जोर हरवून बसतो. म्हणून चांगल्या रचनेत आकडा फक्त त्या ‘टक्’च्या क्षणापुरता वाकतो, आणि अडकल्यावर जवळपास सरळ, निवांत राहतो. त्याची पकड आकाराची असते, जोराची नसते.

एवढं सगळं असूनही खरी परीक्षा भिंत घेते. कारखान्यातली प्लेट एका प्रतलात असते, गावातली भिंत क्वचितच. मातीच्या भिंतीचा गिलावा लहरत जातो, पेटी एका बाजूला खोल गेलेली असते, कधी तिरकी बसलेली असते. त्यासाठी चौकटीची स्क्रूची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवतात. पेटी तिरकी असली तरी चौकट थोडी फिरवून सरळ करता येते. काही रचनांत आकड्याला एकाच नाकाऐवजी कंगोऱ्यांची रांग असते, म्हणजे गिलावा कमी-जास्त असला तरी प्लेट भिंतीला टेकेल त्या खोलीवर अडकते. भिंत आणि प्लेट यांच्यात फट राहणं ही नुसती दिसण्याची गोष्ट नाही. त्या फटीतून पाल आत शिरते, मुंग्या वारूळ मांडतात, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, आणि रस्त्यावरच्या गाड्यांनी उडालेली धूळ पावसाळ्यातल्या दमटपणाशी मिळून टर्मिनलवर थर धरते.

म्हणूनच या पकडीची मोजमापं जगभर ठरलेली आहेत. घरगुती स्विचसाठीच्या आयईसी ६०६६९ या आंतरराष्ट्रीय मानकात स्क्रूविना बसणाऱ्या झाकणांची कसोटी वाचताना मन हरखून जातं. जे झाकण निघाल्यावर जिवंत भाग उघडे पडतील, ते भिंतीपासून सरळ बाहेर एक मिनिटभर ओढतात. कडा बोटांच्या पकडीत येणार नाहीत अशा घडवल्या असतील तर ४० न्यूटनने, म्हणजे सुमारे चार किलोच्या ओढीने. नसतील तर दुप्पट, ८० न्यूटनने. झाकण सुटता कामा नये. पण १२० न्यूटनच्या आत, खाचेत आकडी घालून ओढलं की ते सुटलंच पाहिजे, नाहीतर दुरुस्ती करणारा ते फोडून काढेल. मग चौकटीभोवती १ मिलिमीटर जाडीचा कडक पत्रा घालून, म्हणजे भिंत तेवढी पुढे आली आहे असं धरून, ओढून पाहण्याची परीक्षा पुन्हा घेतात. उघडीप तपासायला माणसाच्या बोटासारखं १२ मिलिमीटर जाड, सांध्यांवर वळणारं धातूचं बोट वापरतात. सुटायला नको, पण हवं तेव्हा सुटायला हवं. या दोन उलट मागण्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर प्लेटचा प्रत्येक आकडा घडवलेला असतो.

आता एक सुधारणा बाकी आहे, आणि ती आकड्यात नाही. आळेफाट्यावरच्या दुकानातून कुठल्याही कंपनीचा बल्ब आणा, तो घरातल्या पिनच्या होल्डरमध्ये बसतो, कारण बी २२ टोपीचा २२ मिलिमीटरचा आकार सगळ्यांनी मानला आहे. कुठल्याही कंपनीची तीन पिनची टॉप आणा, ती त्याच मापाच्या सॉकेटमध्ये जाते, कारण आयएस १२९३ या भारतीय मानकाने पिनांच्या जागा ठरवून दिल्या आहेत. स्विचला आयएस ३८५४ आहे, त्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पण प्लेटचं तसं नाही. एका कंपनीची प्लेट दुसऱ्या कंपनीच्या चौकटीवर सहसा बसत नाही, आणि कधी त्याच कंपनीच्या जुन्या मालिकेची प्लेट नव्या मालिकेशी जुळत नाही. मालिका बंद झाली की तडकलेल्या एका प्लेटसाठी अख्खा बोर्ड बदलायचा, नाहीतर चिकटपट्टी लावून दिवस काढायचे. अमेरिकेत नेहमीच्या खटक्याच्या प्लेटचे दोन स्क्रू एकमेकांपासून ६०.३ मिलिमीटरवर असतात, मग प्लेट कोणाचीही असो. ती स्क्रूची जुनी रीत आहे, पण तुटलेली प्लेट कुठल्याही दुकानातून बदलता येते.

आपल्याकडे स्क्रू लपवण्याची कला आली. आता चौकटीच्या कडा आणि आकड्यांच्या जागा यांची मापं भारतीय मानक ब्यूरोने एकदा ठरवून द्यावीत. कंपन्यांनी रंग, चकाकी, नक्षी यांत हवी तेवढी स्पर्धा करावी. तडकलेली प्लेट ही घरातली सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती असायला हवी, म्हणजे ती कोणी पुढे ढकलणार नाही. प्लेट शेवटी बोटासाठी आहे, आणि बोटाला कंपनी ओळखता येत नाही.