यंत्राची नजर आणि ईर्या समिती

अमेरिकेतील फीनिक्स शहरात ऑक्टोबर २०२० पासून सर्वसामान्य नागरिकांना मोबाईलवरून अशी टॅक्सी बोलावता येते, की जिच्या चालकाच्या आसनावर कोणीही नसते. गूगलच्या प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या ‘वेमो’ कंपनीची ही सेवा पुढे सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस येथेही पोहोचली. कॅमेरे, रडार आणि लेझर किरणांनी अंतर मोजणारे ‘लायडार’ यांच्या साहाय्याने ही गाडी चारी दिशांचा वेध एकाच वेळी घेते. ती थकत नाही, तिला डुलकी लागत नाही आणि फोनचा मोहही होत नाही.

वाहनांच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या मानल्या जातात. आपल्याकडील महागड्या गाड्यांत आता दिसणारी, मार्गिका सांभाळणारी आणि धोका दिसताच स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा फार तर दुसऱ्या पायरीवरची आहे. तेथे यंत्र साहाय्यक असते. जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच राहते. हा भेद विसरणे जिवावर बेतू शकते.

गाड्या एकमेकींशी आणि रस्त्याशी ‘बोलू’ लागणे, हा या परिवर्तनाचा दुसरा भाग होय. त्याची चाहूल आपल्याला लागलेलीच आहे. फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग टोलनाक्यावर गाडीची ओळख पटवतो, तर मोबाईलमधील नकाशा पुढची कोंडी आधीच कळवतो. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना अपघात होताच स्वतःहून मदत केंद्राशी संपर्क साधणारी यंत्रणा बंधनकारक आहे. भिवंडीच्या गोदामातून मुंबईच्या पेढीवर येणाऱ्या व्यापाऱ्याला अशा जोडणीचा लाभ उघड आहे. प्रवासाचा अंदाज अचूक आला, तर सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून चोविहार साधणेही सुकर होईल. स्वतः गाडी चालवू न शकणाऱ्या वृद्धांना मंदिरात जाण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागणार नाही.

मात्र प्रत्येक सोयीला हिशेबाची दुसरी बाजूही असते. मालकाला सोडून रिकाम्याच फिरणाऱ्या गाड्या वाढल्या, तर कोंडी घटण्याऐवजी वाढेल. परिग्रहाला मर्यादा नसेल, तर तंत्रज्ञान ती घालून देत नाही. जोडलेली गाडी दुरून ताब्यात घेता येते, हे संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, तेव्हा एका कंपनीला अमेरिकेत सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. शिवाय, चालकांच्या रोजगाराचा प्रश्न आहेच. याच कारणास्तव केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये चालकविरहित गाड्यांना भारतात येऊ देणार नसल्याचे सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबाचा घटक होऊन राहिलेला चालक ज्या घरांत आहे, त्यांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

जैन समाजासाठी यातील सर्वांत निकटचा प्रश्न मात्र गाडीत बसणाऱ्यांचा नाही. तो पायी चालणाऱ्यांचा आहे. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचे प्राण गेले. त्यांत जवळपास पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा होता. चातुर्मास संपला की साधू-साध्वी, मुनी-आर्यिका महामार्गांच्या कडेने विहाराला निघतात. वाहनाचा त्याग केलेल्या त्या देहांवर वेगवान वाहन आदळल्याच्या वार्ता समाजाने अनेकदा ऐकल्या आहेत.

यंत्र त्यांना पाहू शकेल काय? मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेम्पी येथे चाचणीवरील स्वयंचलित गाडीने रात्री सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. ठरावीक जागा सोडून कोणी पायी रस्ता ओलांडेल, ही शक्यताच त्या प्रणालीत धरलेली नव्हती. देखरेखीसाठी बसलेल्या चालकाचे लक्षही मोबाईलमध्ये होते, असे चौकशीत आढळले. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासानुसार, पादचारी ओळखून ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेमुळे असे अपघात सुमारे २७ टक्क्यांनी घटले. परंतु दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर फरक दिसला नाही. त्याच संस्थेच्या २०२५ मधील चाचणीत, परावर्तक पट्ट्यांचे कपडे घातलेली मानवाकृती काही गाड्यांच्या यंत्रणेला ओळखताच आली नाही. विहारसेवेतील कार्यकर्ते वापरतात ती जाकिटे माणसाच्या डोळ्यांसाठी आवश्यकच आहेत. यंत्राच्या भरवशावर मात्र राहता येणार नाही.

चार हात भूमी निरखून, जीवजंतूंना जपत पाऊल टाकणे म्हणजे ईर्या समिती. आपल्या गतीने दुसऱ्याला पीडा होऊ नये, हा तिचा आशय चाकांवरून जाणाऱ्या श्रावकालाही तितकाच लागू पडतो. म्हणून नवी गाडी घेताना, ती अंधारात पादचारी ओळखते काय, हे विक्रेत्याला विचारावे. विहाराचा मार्ग शक्यतो महामार्ग टाळून आखावा, आणि पहाटे रस्त्याच्या कडेला श्वेत वस्त्रे दिसताच वेग कमी करावा. पाहण्याचे काम उद्या यंत्राकडे गेले, तरी जयणेचे उत्तरदायित्व गाडीच्या स्वामीकडेच राहील.