घर सोडून जाणाऱ्या लेकरांच्या मागे कोण उभं राहतं?

गटाची बैठक जमली असेल, हिशेबाची वही उघडली असेल. ती जरा बाजूला ठेवा आणि थोडा वेळ इकडे कान द्या.

नागपूरला गेलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणींनी सेमिनरी हिल्सचं नाव ऐकलेलं असतं. कुणी पोरांना घेऊन तिथल्या बालोद्यानात गेलेली असते, कुणी जपानी बागेत. पण या टेकडीला असं नाव का पडलं, हे सहसा कुणी विचारत नाही. सेमिनरी म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे धर्मगुरू जिथे शिकून तयार होतात ती शाळा. इथे सेंट चार्ल्स सेमिनरी आहे. चार्ल्स बोरोमिओ हे इटलीतल्या मिलान शहराचे सोळाव्या शतकातले आर्चबिशप होते. त्या काळी पुष्कळ धर्मगुरूंना धड शिक्षण नसायचं. म्हणून १५६३ साली चर्चच्या मोठ्या परिषदेनं ठरवलं, की जागोजागी अशा शाळा काढायच्या. चार्ल्स यांनी आपल्या शहरात ते करून दाखवलं.

नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत १८८७ सालचा. १९५३ मध्ये त्याला आर्चबिशपांच्या प्रांताचा दर्जा मिळाला. विदर्भात कॅथलिक लोक थोडे, पण त्यांच्या शाळा आणि दवाखाने आपल्या ओळखीचे आहेत. तिथे काम करणाऱ्या सिस्टर आपण पाहतो. कुणी केरळची, कुणी झारखंडची, कुणी वसईची. आपल्याशी मराठीत बोलते, पोरांची नावं लक्षात ठेवते. पण तिची आई कुठे असते? आजारी पडली तर तिच्या उशाशी कोण बसतं? आणि मुळात घर सोडायचं तिनं ठरवलं, तेव्हा तिच्या पाठीशी कोण होतं? आज याच प्रश्नांवर बोलू.

मराठी कॅथलिक लोकांत एक शब्द आहे, पाचारण. पाचारण म्हणजे बोलावणं. देवानं एखाद्याला आतून हाक दिली, की लग्न-संसार न करता माझ्या आणि लोकांच्या कामाला ये, त्याला ते पाचारण म्हणतात. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभाव पंथाचं मोठं स्थान आहे, आणि त्या पंथात बायकाही संन्यास घेतात. बौद्ध घरातली मुलं काही दिवसांसाठी श्रामणेर होतात, चीवर घालतात. घर सोडून जाणारं माणूस प्रत्येक धर्मात आहे.

कॅथलिकांमध्ये हे घर सोडणं एका दिवसात होत नाही. धर्मगुरू व्हायला कॉलेजसारखी बरीच वर्षं लागतात. आधी तत्त्वज्ञान, मग धर्मशास्त्र, मधे काही काळ लोकांत राहून काम. पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय धर्मगुरूपदाची दीक्षा द्यायची नाही, असा चर्चचा नियम आहे. मुलींचंही तसंच. कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्याला इंग्रजी शाळा आठवते, पण मुळात कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टरांचं राहतं घर. तिथे सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय उमेदवारी सुरू होत नाही. ही उमेदवारी किमान एक पूर्ण वर्षाची. मग पहिली व्रतं, तीही अठराच्या आत नाहीत. व्रतं तीन: लग्न न करणं, स्वतःचं म्हणून काही न ठेवणं आणि संस्थेच्या प्रमुखांची आज्ञा पाळणं. पहिली व्रतं ठरावीक मुदतीची असतात. असं किमान तीन वर्षं राहून पाहिल्यावरच जन्मभराची व्रतं घेता येतात, आणि तेव्हा वयाची एकवीस वर्षं पूर्ण असावी लागतात.

अशी वाट एकट्यानं चालणं सोपं नाही. पोरगं सुट्टीत घरी येतं तेव्हा त्याच्या बरोबरीची मुलं नोकरीला लागलेली असतात, त्यांची लग्नं ठरलेली असतात. शेजारी विचारतात, हे काय खूळ? आई बोलत नाही, पण तिचे डोळे बोलतात. अशा वेळी मागे उभं राहायला काही संसारी माणसं पुढे आली. त्यांच्या मंडळाचं नाव सेरा क्लब.

क्लब म्हटलं की पत्ते आणि पार्ट्या डोळ्यांपुढे येतात. हा तसा नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरात चार साध्या कॅथलिक गृहस्थांनी तो सुरू केला. त्यांच्यात कुणी धर्मगुरू नव्हतं. आपण संसारी माणसांनी धर्मगुरूंसाठी आणि सिस्टरांसाठी काही करायला हवं, असं त्यांना वाटलं. हळूहळू क्लब देशोदेशी पसरला. भारतातही सेरा क्लब आहेत. १९५१ मध्ये रोमनं त्याला पाचारणाच्या कामाशी रीतसर जोडून घेतलं. सुरुवात पुरुषांनी केली, पण आता बायकाही सभासद असतात.

हे लोक नेमकं करतात तरी काय? पहिलं काम प्रार्थना. काही ठिकाणी आपल्या भिशीच्या नंबरांसारखी वाटणी असते. महिन्याचे दिवस एकतीस, म्हणून एकतीस जण एकेक तारीख घेतात. आपल्या तारखेला त्या माणसानं चर्चमध्ये जायचं आणि शिकणाऱ्या मुलामुलींसाठी प्रार्थना करायची. काही ठिकाणी चर्चमधल्या उपासनेचा चषक दर आठवड्याला एकेका कुटुंबाकडे जातो. तो घरात ठेवून ते कुटुंब रोज संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थना करतं. पोरंही बसतात, प्रश्न विचारतात. पाचारणासाठी प्रार्थनेचा एक जागतिक दिवसही आहे. तो पोप पॉल सहावे यांनी १९६४ साली सुरू केला. इस्टरचा रविवार धरून चौथा रविवार, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात तो येतो.

दुसरं काम मायेचं. शिकणाऱ्या मुलाच्या वाढदिवसाला पत्र पाठवणं, सणाला घरी जेवायला बोलावणं, धर्मगुरूंना आणि सिस्टरांना वर्षातून एकदा बोलावून त्यांचे आभार मानणं. ऐकायला साधं वाटतं, पण सणाच्या दिवशी परक्या गावात एकट्यानं जेवणं काय असतं, हे होस्टेलवर राहिलेल्या पोरीला विचारा. तिसरं काम पैशाचं. पुस्तकं, प्रवास, शिक्षणाचा खर्च यांना हातभार लावणं. आणि चौथं काम माहितीचं. शाळेतल्या, चर्चमधल्या मुलामुलींना सांगणं, की डॉक्टर, शिक्षक, पोलीस होता येतं तसं हेही एक आयुष्य आहे.

मैत्रिणींनो, या चौथ्या कामापाशी जरा थांबू. सांगणं वेगळं आणि ढकलणं वेगळं. पोराच्या मनात नसताना आईच्या नवसापायी त्याला पाठवलं तर? घरात चार मुली आहेत, एकीच्या लग्नाचा खर्च वाचेल, म्हणून तिला पाठवलं तर? किंवा उलट, तिला खरंच जायचं आहे आणि घरच्यांनी कोंडून ठेवलं तर?

चर्चच्या कायद्यात याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. १९८३ चा कायदा म्हणतो, की कुणालाही कोणत्याही कारणानं जबरदस्तीनं दीक्षा द्यायची नाही, आणि लायक माणसाला अडवायचंही नाही. तोच कायदा असंही म्हणतो, की पाचारणाला साथ देणं हे एकट्या धर्मगुरूंचं काम नसून साऱ्या समाजाचं आहे. म्हणजे क्लबनं साथ द्यायची, पण निर्णय त्या मुलाचा किंवा मुलीचा.

आपल्याकडे तर याची फार दुखरी गोष्ट आहे. ज्ञानोबामाउलींचे वडील विठ्ठलपंत. घरी रुक्मिणीबाई असताना ते काशीला गेले आणि आपल्याला संसार नाही असं सांगून त्यांनी संन्यास घेतला. खरं कळल्यावर गुरूंनी त्यांना परत पाठवलं, अशी कथा आहे. ते आळंदीला परतले, संसार केला, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई झाली. पण गावानं त्यांना वाळीत टाकलं. त्या लेकरांना संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं. या गोष्टीत दोन घाव आहेत. पहिला रुक्मिणीबाईचा, कारण तिला न विचारता नवरा निघून गेला. दुसरा परत आलेल्या माणसाचा, कारण त्याला गावानं उभं केलं नाही. आज कॅथलिक चर्चचा नियम असा आहे, की लग्नाचं नातं कायम असताना बाईला किंवा पुरुषाला मठात घेता येत नाही. पहिल्या घावावर हा इलाज झाला.

दुसऱ्या घावाचं काय? कायदा परतीचा रस्ता उघडा ठेवतो. पहिल्या व्रतांची मुदत संपली की मुलगी मोकळेपणानं घरी येऊ शकते. जन्मभराची व्रतं घेतल्यावरही रीतसर परवानगी मागून बाहेर पडता येतं. पण कागदावर उघडलेलं दार गावात उघडं असतंच असं नाही. परत आलेल्या पोरीकडे लोक कसं बघतात? तिचं काही चुकलं असेल, म्हणतात. लग्नाच्या बाजारात तिला खोट काढतात. आणि पैशाचं बघा. सिस्टर शिक्षिका असली, नर्स असली, तरी तिची कमाई तिची नसते, संस्थेची होते. संस्था सोडताना केलेल्या कामाचा मोबदला ती हक्कानं मागू शकत नाही. तिच्याशी न्यायानं आणि मायेनं वागावं, असं मात्र कायदा संस्थेला बजावतो. वीस वर्षं राबून रिकाम्या हातानं घरी येणं काय असतं, हे आपल्यातल्या माहेरी परतलेल्या बायांना वेगळं सांगायला नको.

म्हणून अशा क्लबची खरी कसोटी कुठे लागते? किती मुलं सेमिनरीत गेली, या आकड्यात ती लागत नाही. अर्ध्या वाटेवरून परतलेल्या मुलालाही तो जेवायला बोलावतो का, वाढदिवसाचं पत्र त्यालाही जातं का, तिथे ती लागते.

ज्यांच्या नावानं हा क्लब आहे, त्यांची गोष्टही हेच शिकवते. हुनिपेरो सेरा हे स्पेनचे धर्मगुरू, जन्म १७१३, मृत्यू १७८४. शिक्षकाची चांगली जागा सोडून ते समुद्रापार गेले आणि कॅलिफोर्नियात त्यांनी एकामागून एक मिशन केंद्रं उभारली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत जाहीर केलं. तेव्हा तिथल्या मूळ आदिवासींच्या वंशजांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, आमच्या पूर्वजांना या केंद्रांत घेतल्यावर बाहेर जायची मोकळीक नव्हती, पळालेल्यांना पकडून आणत, फटके मारत. सेरांचा त्याग खरा, आणि हे दुःखही खरं. आत येणाऱ्याला बाहेर जाता आलं नाही, तर चांगल्या कामालाही डाग लागतो.

आणि मोकळ्या मनानं गेलेलं माणूस काय करू शकतं, तेही ऐका. केरळची सिस्टर राणी मारिया आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात काम करायची. शेतमजुरांना आणि बायांना तिनं एकत्र केलं, बचत करायला शिकवलं, सावकाराच्या पाशातून सोडवलं. ज्यांचा धंदा बुडाला त्यांना ते खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला बसप्रवासात तिचा खून झाला. २०१७ मध्ये इंदूरला चर्चनं तिला धन्य घोषित केलं. तिची बहीणही सिस्टर आहे. मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन तिनं राखी बांधली. बचत गट म्हणजे काय आणि सावकार म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे ही बाई आपल्याला परकी वाटत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या गावातून कुणी कॉन्व्हेंटला जाईल न जाईल. पण लेकी घर सोडतातच. कुणी नर्सिंगला, कुणी पोलीस भरतीला, कुणी आश्रमात, कुणी पुण्याच्या कंपनीत. त्यांच्या मागे गट म्हणून उभं राहायचं, तर निघताना तिला एकटीला बाजूला घेऊन विचारायचं, तुझ्या मनात आहे ना? तिथे वय काय लागतं, मुदत किती, पैसा कुणाच्या नावावर जमा होतो, सोडायचं झालं तर काय, हे लिहून आणायचं. गेल्यावर महिन्याला एक फोन ठरवायचा आणि तो कुणी करायचा ते वाटून घ्यायचं. परत आलीच, तर पहिल्या दिवशी चहा घेऊन तिच्या घरी जायचं, प्रश्न न विचारता.

आजच्या बैठकीत बोलायला तीन प्रश्न देते. आपल्या गावातून घर सोडून गेलेल्या लेकी किती, आणि त्यातल्या कितींना आपण गेल्या वर्षात फोन केला? त्यातली एखादी परत आली, तेव्हा आपण तिला काय म्हणालो? आणि उद्या एखादी निघाली, तर तिच्या मागे उभ्या राहणाऱ्या पाच जणी कोण? ती पाच नावं आजच वहीत लिहा.